खोदाईआधी शेजाऱ्याकडे : घर बांधणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्वतःच्या प्लॉटवर किंवा गावठाणातल्या जुन्या जागेवर घर बांधायचं काम आमच्याकडे देणाऱ्यांनी हे पत्रक आखणीच्या आधी वाचावं. शेजारी तिरसट असो की समजूतदार, तक्रारी त्याच चार असतात: हद्द, भेगा, पाणी आणि रस्त्यावर पडलेलं सामान. स्वभावाला औषध नसतं, पण या चारांना असतं. त्यातलं बरंचसं पहिली कुदळ पडण्याआधी करावं लागतं.

हद्द

तारेचं कुंपण, मेंदीची रांग किंवा ‘वडिलांच्या वेळेपासून इथंच आहे’ असा दगड धरून आम्ही आखणी करत नाही. आधी सरकारी मोजणी करून घ्या. ई-मोजणी प्रणालीत किंवा तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करता येतो. सोबत अलीकडचा सातबारा जोडा, आणि जागा सिटी सर्व्हेत असेल तर मालमत्ता पत्रक. अर्जात लगतधारकांची नावं आणि पत्ते लिहावे लागतात, कारण मोजणीच्या तारखेची नोटीस त्यांना जाते. इथे घोळ होतो तो असा: शेजारचा खातेदार वारलेला असतो, सातबाऱ्यावर वारस लागलेले नसतात, नोटीस भलत्याच नावाने जाते, आणि पुढे मुलगा म्हणतो, ‘मला कुणी कळवलंच नाही.’ म्हणून आज त्या जागेवर राहणाऱ्यालाही तारीख तोंडी सांगा आणि फोनवर संदेश पाठवून ठेवा.

भूकरमापक (सरकारी मोजणीदार) ज्या खुणा दाखवेल त्या ठिकाणी त्याच दिवशी काँक्रीटमध्ये सळईचा तुकडा बसवून घ्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. नंतर मोजणीचा नकाशा मिळतो, त्याला ‘क’ प्रत म्हणतात. तिची एक झेरॉक्स शेजाऱ्याच्या हातात द्या. त्याला मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे हरकत घेऊन फेरमोजणी मागण्याचा मार्ग त्याला खुला आहे, हेही सांगा. ‘कागद कागदाशी भांडू दे, आपण नको,’ एवढं म्हणणं पुरतं. खासगी सर्व्हेअरची मोजणी नकाशा काढायला चालते, पण हद्दीच्या वादात तिचं सरकारी मोजणीइतकं वजन पडत नाही.

मोजणी बरोबर असूनही वाद होतो तो कुंपणभिंतीच्या पायावरून. भिंत नऊ इंची, तिच्या बाहेरच्या अंगाला हद्द, आणि खालचा पाया दोन फूट रुंद. पाया भिंतीच्या मध्यावर घेतला तर दोन्ही बाजूंना साडेसात इंच बाहेर येतो, म्हणजे जमिनीखाली तेवढं अतिक्रमण झालं. शेजारी पुढे कधी खोदेल तेव्हा ते उघडं पडतं. यावर उपाय दोन. भिंत आठ इंच आत घ्यायची, किंवा एका बाजूलाच वाढणारा पाया आरसीसी सल्लागाराकडून डिझाइन करून टाय बीमने (जोडणाऱ्या आडव्या तुळईने) आतल्या कॉलमना बांधायचा. पन्नास फुटांच्या बाजूला आठ इंच म्हणजे साधारण तेहतीस चौरस फूट जागा जाते. ती जाऊ द्यावी, असं आमचं मत आहे. खर्च तिथेच कमी येतो. छज्जा, एसीचं बाहेरचं युनिट आणि फाटकाचं उघडणारं दार हेसुद्धा हद्दीच्या आतच बसलं पाहिजे.

भेगा

गावठाणात शेजारची भिंत बहुधा दगड-मातीची असते आणि तिचा पाया दोन-तीन फुटांवर मुरुमात थांबलेला असतो. तुमचे खड्डे पाच-सहा फूट जाणार. शेजारच्या जमिनीला तुमच्या मातीचा जो नैसर्गिक आधार आहे तो काढून घेता येत नाही. हा हक्क १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातला आहे, तेव्हा ‘माझ्या जागेत मी कितीही खोदीन’ हे म्हणणं टिकत नाही.

खोदाईच्या आधी शेजाऱ्याच्या घराचे फोटो काढायचे असतात आणि ते आम्ही काढतो. त्या वेळी तुम्ही सोबत या, कारण त्यांच्या घरात अनोळखी माणसाने कॅमेरा घेऊन शिरणं बरं दिसत नाही. आपल्या बाजूची प्रत्येक खोली, आधीची प्रत्येक भेग, भेगेलगत मोजपट्टी धरून. ज्या भेगा केसाहून रुंद आहेत त्यांच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहायची. काच तडकली तर भेग हलते आहे असं समजायचं आणि खोदाई तिथेच थांबवायची. फोटोंचे दोन संच काढून दोघांच्या सह्या घ्यायच्या.

याचा फायदा दोघांनाही होतो. काळ्या मातीवरच्या घरात भेगा उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात मिटतात, कारण ती माती सुकली की आकसते आणि भिजली की फुगते. मे महिन्यात खोदाई केली आणि त्याच सुमारास शेजाऱ्याच्या भिंतीला चीर दिसली, तर दोष तुमच्यावर येणार. फोटो असेल तर निदान चर्चा होते.

भिंतीलगतची खोदाई सलग करत नाहीत. चार-पाच फुटांचे तुकडे पाडून एक सोडून एक खोदतात, त्यात पाया भरून घेतात आणि मग राहिलेले तुकडे घेतात. भिंतीपासूनच्या शेवटच्या तीन फुटांत जेसीबी नको, ते काम कुदळ-फावड्याने. निघालेली माती खड्ड्याच्या काठापासून दीड मीटर लांब टाकायची, नाहीतर तिच्याच भाराने काठ ढासळतो. जूनमध्ये असा खड्डा उघडा ठेवू नका. पाणी साचलेल्या खड्ड्याची कड रात्रीत बसते आणि शेजारची भिंतही सोबत घेते.

काळजी घेऊनही किरकोळ चीर पडू शकते, म्हणून अंदाजपत्रकात ‘शेजार दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ ठेवतो. गिलावा आणि रंग तुमच्या घराचं काम संपायची वाट न पाहता लगेच करून द्यावा.

पाणी

रस्ता दर डांबरीकरणाला उंचावतो, म्हणून नवं घर जुन्यापेक्षा उंच जोत्यावर बसतं. इथवर ठीक. चूक पुढे होते: घराभोवतीची मोकळी जागाही भराव टाकून उंच करतात. मग पाऊस शेजाऱ्याच्या अंगणात उतरतो आणि भरावाची ओल त्याच्या भिंतीला लागते. भराव जोत्याच्या आतच टाका. बाहेरची जागा मूळ पातळीवर ठेवा आणि हद्दीलगत नऊ इंच रुंद गटार काढा. उतार शंभराला एक, म्हणजे चाळीस फुटांत जवळपास पाच इंच.

गच्चीचं पाणी लोकांना किरकोळ वाटतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं. पन्हळीचं तोंड हद्दीकडे असेल तर हे सगळं शेजाऱ्याच्या दारात. चार इंची दोन पाइप लावून पाणी स्वतःच्या गटारात किंवा पुनर्भरण खड्ड्यात न्या. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराच्या पागोळ्याही स्वतःच्याच जागेत पडल्या पाहिजेत. शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) असेल तर तो पिण्याच्या विहिरीपासून, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही, १८ मीटर लांब हवा.

क्युरिंगचं, म्हणजे नवं काँक्रीट भिजतं ठेवायचं पाणीही यातच आलं. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवा. दिवसभर पाइप सोडून ठेवला तर शेजाऱ्याच्या भिंतीला ओल येते आणि काँक्रीटला त्याचा वेगळा फायदा होत नाही.

खिडक्यांचं थोडक्यात सांगतो. शेजाऱ्याच्या जुन्या खिडकीला वीस वर्षांहून जास्त काळ अखंड, बिनहरकत उजेड-वारा मिळत असेल तर त्यावर त्याचा हक्क तयार झालेला असू शकतो, तेव्हा नकाशा काढतानाच आर्किटेक्टला ती दाखवा. तुमची खिडकी त्याच्या अंगणात थेट उघडत असेल तर दुधी काच घ्या किंवा खिडकीचा तळ पाच फुटांवर ठेवा. न्हाणीघराला तेवढं पुरतं.

सामान आणि आवाज

वाळू, खडी, विटा एकदम मागवू नका. एका वेळी एक ब्रास (शंभर घनफूट) वाळू, तीही खाली होताच आत ओढायची. गल्लीत चारचाकी जाईल एवढी वाट कायम मोकळी हवी. रुग्णवाहिका अडली की त्यानंतर कुणी तुमचं ऐकून घेत नाही. सिमेंटचं धुवण सामाईक गटारात सोडू नये, ते तिथेच घट्ट होतं. भिंतीवर हिरवी जाळी लावली तरी गिलाव्याची धूळ उडतेच, म्हणून गिलाव्याच्या दिवशी शेजाऱ्यांना कपडे आत वाळत घालायला सांगा.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. खरी अडचण स्लॅबच्या दिवशी येते, कारण काँक्रीट मध्येच थांबवलं तर सांधा राहतो आणि तिथून गळती सुरू होते. दोन दिवस आधी स्वतः जाऊन सांगावं: ‘काका, परवा स्लॅब आहे. सकाळी सातला मिक्सर लागेल, संध्याकाळपर्यंत आवाज राहील. गाडी आदल्या रात्री बाहेर लावाल का?’ हे मुकादमाच्या तोंडून गेलं तर त्याचा फरमान होतो. घरमालकाने सांगितलं तर ती विनंती राहते.

तरीही अडवणूक झाली तर

हद्दीलगतच्या भिंतीला बाहेरून गिलावा करायला परांची शेजाऱ्याच्या जागेत बांधावी लागते. त्याची परवानगी पायाच्या वेळी, संबंध गोड असताना, लेखी घ्या: किती दिवस, कुठे, आणि झाडं किंवा फरशी मोडली तर भरपाई कोण देणार. परवानगी मिळणारच नसेल तर तसं आधी कळवा. मग त्या भिंतीच्या विटांचे सांधे आतूनच नीट भरून घेता येतात किंवा भिंत दोन फूट आत घेता येते.

गावात वाद असेल तर तंटामुक्त समितीकडे आणि शहरात तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीच तडजोडीसाठी जाता येतं. शेजारी कोर्टातून मनाई हुकूम आणणार असं दिसत असेल तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. मग तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश सहसा होत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, नंतर पुन्हा करावं लागतं. त्याची नोटीस शेजाऱ्याला पोस्टाने जाते आणि ती पाहून तो आणखी चिडतो. म्हणून बोलणं संपलं आहे अशी खात्री झाल्यावरच हे करावं.

मनाई आली तर काम थांबवावंच लागतं. त्या दिवशी आम्हाला लगेच फोन करा. आदेशात काय बसतं ते वकिलाला विचारून उघडे खड्डे भरून घ्यायचे, कॉलमच्या उभ्या सळ्यांना गंजू नये म्हणून सिमेंटचं दाट पाणी लावायचं, आधार दिलेला स्लॅब असेल तर मुदतीआधी टेकू काढायचे नाहीत, आणि साइटवरचं सिमेंट दुसरीकडे हलवायचं, कारण पावसाळ्यात तीन महिने पडून राहिलेलं पोतं कामाचं राहत नाही.