वाळवंटी सायकलवाटा

वाळवंटी सायकलवाटा : अल्पवृष्टीच्या, ओसाड प्रदेशांतील उघडे खडक, वाळू, कोरडे ओढे आणि जुने खाणरस्ते यांवरून जाणाऱ्या माउंटन बाइकच्या वाटा. अमेरिकेतील मोआब (यूटा) व सेडोना (ॲरिझोना) आणि दुबई अमिरातीतील हत्ता ही त्यांची परिचित केंद्रे होत.

उगम : याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. काहीजण हा इतिहास १८९७ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी माँटानातील मिझूला येथून सेंट लुइसपर्यंत सु. ३,००० किमी. सायकलने गेली. वाटेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांनी तिची दमछाक केली. पण त्या सायकली माउंटन बाइक नव्हत्या आणि हेतू लष्करी चाचणीचा, त्यामुळे या सफरीला पूर्वपीठिका म्हणणे ठीक. आरंभ म्हणणे ताणल्यासारखे होईल. ब्रिटनमधील रफ स्टफ फेलोशिप (१९५५) या, पक्का रस्ता सोडून खडबडीत वाटांवर सायकल चालवणाऱ्यांच्या संघटनेचा दाखलाही दिला जातो. अधिक ग्राह्य मत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या बाजूचे आहे. तेथे १९७६ मध्ये ‘रिपॅक’ ही उताराची शर्यत सुरू झाली आणि १९७७–७८ च्या सुमारास जो ब्रीझ याने मुद्दाम या कामासाठी सांगाडा बनवला. मात्र मरिन हा वाळवंटी भाग नव्हे. मोआबची प्रसिद्ध स्लिकरॉक वाट त्याहून जुनी, १९६९ मधील. पण ती आखली मोटारसायकलस्वारांनी. म्हणजे वाळवंटात वाट आधी आणि सायकल मागाहून, असा उलटा क्रम दिसतो. युरेनियमचा धंदा बसल्यावर मोआबच्या खाणरस्त्यांवर सायकलींचे पेव फुटले ते १९८० च्या दशकात.

पृष्ठभाग : स्लिकरॉकचा नाव्हाहो वालुकाश्म म्हणजे जुरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला थर. घोड्याचा लोखंडी नाल ज्यावरून घसरतो, त्याच दगडाला रबरी टायर घट्ट धरतो. म्हणून एरवी अशक्य वाटणारे चढ येथे चढता येतात. मातीची पायवाट नसल्याने खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून दिशा कळते. पाऊस पडून गेल्यावर मात्र वालुकाश्म कमकुवत होतो.

मोकळ्या वाळूत तंत्र बदलते. टायरची हवा कमी करायची, वजन थोडे मागे घ्यायचे, पेडल थांबवायचे नाही आणि हँडल झटक्यात वळवायचे नाही. पुढचे चाक रुतले की उतरून ढकलणे हीच रीत. त्यात कमीपणा नाही. वाटेच्या कडेची काळपट, खडबडीत माती सायनोबॅक्टेरिया, दगडफूल व शेवाळ यांनी बांधलेला जिवंत थर असते. त्यावरून एकदा चाक गेले तर ती भरून यायला अनेक दशके लागू शकतात. पंक्चरचे मोठे कारण आपल्याच ओळखीचे आहे : माळरानावरचा सराटा अमेरिकेत परके तण म्हणून पसरला आहे. त्याचे सुके फळ फुटून पडणारा तुकडा कसाही पडला, तरी एखादा काटा वर राहतोच. त्यामुळे ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) घालतात.

प्रतवारी : आंतरराष्ट्रीय माउंटन बाइकिंग संघटनेची (स्थापना १९८८) पद्धत स्कीच्या उतारांवरील चिन्हांवरून घेतलेली आहे. हिरव्या वर्तुळाची वाट किमान सु. ९० सेंमी. रुंद, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत व टाळता न येणारे अडथळे ५ सेंमी.पर्यंत; निळ्या चौकोनाची किमान सु. ६० सेंमी., १० टक्के व २० सेंमी.; काळ्या चौकटची (पत्त्यांतल्या चौकटसारखे चिन्ह) किमान सु. ३० सेंमी., १५ टक्के व ३८ सेंमी. दुहेरी काळी चौकट त्यापुढची. हत्ता येथे ब्रिटिश धर्तीवर हिरवा, निळा, लाल व काळा असा क्रम आहे. तेव्हा दोन देशांतले ‘काळे’ एकच समजू नये.

या मोजमापांत ऊन, सावली व पाणी येत नाहीत, ही वाळवंटापुरती मोठी उणीव मानावी लागेल. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील व्हाइट रिम रस्ता तंत्राच्या दृष्टीने फारसा अवघड नाही. तो १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी काढलेला. पण लांबी सु. १६० किमी. आणि वाटेत पिण्याचे पाणी नाही. याउलट स्लिकरॉकवरील छोटी ‘सराव फेरी’ केवळ नावाला सराव आहे. तिचे चढ मुख्य वाटेच्याच तोडीचे. नवशिक्यांसाठी मोआबच्या उत्तरेची बार एम फेरी बरी. क्लोंडाइक ब्लफ्स भागात मध्यम वाटा आहेत व खडकात डायनोसॉरच्या पाऊलखुणाही दिसतात.

मुंबईहून जाणाऱ्यांसाठी : मोआबला वर्षाला सु. २३ सेंमी. पाऊस पडतो, मुंबईला २०० सेंमी.हून अधिक. मुंबईच्या सायकलस्वारांची तयारी येऊर, आरे, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अशा ठिकाणी, बरीचशी डांबरावर होते. मातीत उतरले तर बेसाल्टचे गोटे आणि पावसाळ्यात शेवाळ. त्यातून चढाचा दम येतो, वाळूचा अंदाज येत नाही. दमट हवेत घामाने भिजलेल्या बनियनवरून पाण्याची गरज ओळखण्याची सवयही कोरड्या हवेत दगा देते, कारण तिथे घाम दिसण्याआधीच वाळतो. मोआबचा हंगाम वसंत व शरद ऋतूंतला, हत्ताचा हिवाळ्यातला. दिवाळीची सुटी बहुधा दोन्हींना जुळते. लडाखच्या शीत वाळवंटासाठी मात्र जून ते सप्टेंबर हाच काळ धरावा लागतो.