हात परत येत नाही तेव्हा : ‘सोल सर्फर’ची पार्श्वभूमी

गोरोबाकाकांचे तुटलेले हात नामदेवांच्या कीर्तनात परत आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेतल्या ख्रिस्ती श्रद्धापटांतही चमत्काराने बरं होण्याची ओढ मोठी असते. ‘सोल सर्फर’ हा २०११चा चित्रपट बेथनी हॅमिल्टन या खऱ्याखुऱ्या मुलीवरचा. ती सर्फर, म्हणजे बोर्डवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होणारी खेळाडू, आणि शार्कने तिचा हात तोडला. चित्रपटात प्रार्थना आहे, बायबल आहे, पण हात परत येत नाही. त्याचं वेगळेपण इथेच आहे आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

खेळ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची जोडी एकोणिसाव्या शतकातली. शरीर कमावणं हेही धर्माचंच काम, हा विचार इंग्लंडमध्ये रुजला आणि वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेमार्फत अमेरिकेत पसरला. बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलीबॉल (१८९५) हे दोन्ही खेळ वायएमसीएच्या शिक्षकांनीच तयार केले. पुढे १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेलने प्राथमिक फेरी रविवारी म्हणून १०० मीटर सोडली आणि ४०० मीटर जिंकली. त्यावरचा ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा चित्रपट १९८१मध्ये आला. पण त्यातलं शरीर धडधाकट होतं.

शरीरच मोडलं तर काय, हा प्रश्न त्याआधी १९७९च्या ‘जोनी’ने विचारला होता. जोनी एरिक्सन पोहण्यात आणि घोडेस्वारीत तरबेज. जुलै १९६७मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, चेसापीक उपसागरात उथळ जागी सूर मारला आणि मान मोडली. खांद्याखालचं शरीर लुळं पडलं. बरं होण्यासाठी त्यांनी प्रार्थना केल्या, तरी व्हीलचेअर सुटली नाही. धर्मप्रसारक बिली ग्रॅहम यांच्या चित्रसंस्थेने काढलेल्या या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. ‘सोल सर्फर’चं खरं घराणं हे.

बेथनी हॅमिल्टन हवाईच्या कवाई बेटावरची. ३१ ऑक्टोबर २००३च्या सकाळी ती मैत्रीण अलाना ब्लँचर्ड, अलानाचे वडील होल्ट आणि भाऊ यांच्याबरोबर टनेल्स किनाऱ्यावर होती. वय तेरा. डावा हात पाण्यात सोडून बोर्डवर पडलेली असताना सुमारे चौदा फुटी टायगर शार्कने तो खांद्याच्या जरा खालून तोडला. होल्ट यांनी उरलेल्या भागावर घट्ट आवळपट्टी बांधली. बोर्ड पायाला जोडून ठेवणारा दोर, म्हणजे लीश, तोच कामी आला. अशा जखमेत नुसतं दाबून धरून रक्त थांबत नाही. मोठी धमनी जखमेच्या वरच्या बाजूला आवळावी लागते. तरीही रुग्णालयात पोचेपर्यंत तिचं साठ टक्क्यांच्या आसपास रक्त गेलं होतं. चाळीस टक्क्यांच्या पुढे जीव वाचणं अवघड होतं, हे लक्षात घेतलं की त्या आवळपट्टीची किंमत कळते. योगायोग असा, की त्याच सकाळी त्याच रुग्णालयात तिच्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती. ती बाजूला ठेवून टेबलावर मुलीला घेतलं.

महिना पुरा व्हायच्या आत, २६ नोव्हेंबरला, ती पुन्हा पाण्यात उतरली. धाडसाचं कौतुक सगळे करतात. जरा बोर्डकडेही बघायला हवं. सर्फिंगमध्ये लाटेवर उभं राहणं हा शेवटचा भाग. त्याआधी बोर्डवर पालथं पडून दोन्ही हातांनी पाणी ओढत आत जायचं असतं. एकाच हाताने ओढलं की बोर्ड दुसऱ्या अंगाला वळत राहतो, म्हणून तिने पाय मारायची सवय वाढवली. बोर्ड नेहमीपेक्षा लांब आणि किंचित जाड घेतला, कारण जाड बोर्ड जास्त तरंगतो आणि कमी ताकदीत पुढे सरकतो. सगळ्यात अडचणीचा प्रकार डक डाइव्हचा. अंगावर फुटणाऱ्या लाटेखालून जाण्यासाठी बोर्डच्या दोन्ही कडा धरून त्याचं टोक पाण्यात दाबावं लागतं. एकच कड धरली तर बोर्ड कलंडतो आणि लाट तो हातातून हिसकावून घेते. वडिलांनी बोर्डवर उजव्या हातासाठी हँडल बसवलं आणि ही अडचण सुटली. उभं राहतानाही तेच गणित : तळवा छातीखाली बरोबर मधोमध टेकवायचा, नाहीतर तोल गेलाच.

चित्रपटात हे हँडल दिसतं आणि ते दाखवलं हे फार चांगलं झालं. नुसती प्रार्थना आणि लगेच विजय असा उडीमार्ग दिग्दर्शक शॉन मॅकनमारा यांनी घेतला नाही. बेथनीची भूमिका करणाऱ्या ॲनासोफिया रॉबच्या हाताला हिरवी बाही चढवून तो हात संगणकावर पुसला. हल्ल्यानंतरचं एका हाताचं सर्फिंग मात्र खुद्द बेथनीनेच केलं. पाण्यातली ती दृश्यं खरी वाटतात ती त्यामुळेच. एका टप्प्यावर बायबलच्या मुखपृष्ठावरची अक्षरंही संगणकाने पुसली गेली होती. कुटुंबाने हरकत घेतल्यावर ती परत आणली. आपल्या मते कुटुंबाचं बरोबर होतं. त्या घरात पुस्तक जसं होतं तसंच दिसायला हवं.

कालक्रमात मात्र बदल आहे. चित्रपटात ती पहिल्या स्पर्धेत हरते, सर्फिंग सोडते, त्सुनामीनंतर थायलंडला मदतीला जाते आणि मग परतते. प्रत्यक्षात जानेवारी २००४मध्येच ती स्पर्धेत उतरून पाचवी आली होती आणि त्सुनामी आली त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये. चित्रपटातली खलनायकी वळणाची प्रतिस्पर्धी मलिनाही काल्पनिक.

२००५मध्ये तिने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, २००७पासून व्यावसायिक झाली. या स्पर्धांत तिच्यासाठी वेगळा गट नव्हता. ठरावीक मिनिटांच्या फेरीत प्रत्येक लाटेला दहापैकी गुण आणि सर्वोत्तम दोन लाटा धरायच्या. एका हाताने परत आत जायला वेळ लागतो, म्हणजे वाट्याला लाटा कमी येणार; तेव्हा कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची, यावरच निकाल. २०१६च्या फिजी स्पर्धेत वाइल्ड कार्डवर, म्हणजे पात्रतेशिवाय मिळणाऱ्या खास प्रवेशावर, आलेल्या बेथनीने टायलर राइट आणि सहा वेळची जगज्जेती स्टेफनी गिलमोर या दोघींना हरवलं आणि तिसरं स्थान घेतलं.