पार्श्वभूमी: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय बधिर होतात तेव्हा

चप्पल पायातून निसटली, हे दोन पावले पुढे गेल्यावर कळते. फरशीवर चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जातो. बॅरियाट्रिक, म्हणजे वजन घटवण्याची, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने असे काही सांगितले, तर त्याला आधी विचारावे की ऑपरेशनला किती दिवस झाले. दीड महिना झालेला, आठ महिने झालेला आणि पाच वर्षे झालेला, या तिघांचे पाय सारखेच बधिर असले तरी कारण बहुधा वेगवेगळे असते. ही उकल एका दमात झालेली नाही. तिचा पहिला धागा तर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात येण्याच्या सत्तरेक वर्षे आधीचा आहे.

१८८१ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी तीन पेशंटची हकिगत छापली. दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष होते. तिसरी शिवणकाम करणारी तरुण मुलगी होती आणि ती सल्फ्युरिक ॲसिड प्यायली होती. त्यातून जगली, पण जठराचे खालचे तोंड आवळले गेले आणि खाल्लेले सगळे उलटून पडू लागले. काही आठवड्यांत डोळ्यांची हालचाल बिघडली, चाल लटपटू लागली, ग्लानी आली आणि ती गेली. पुढे वेर्निकेंचे नाव दारूशी इतके घट्ट चिकटले, की दारूला कधी न शिवलेल्या माणसात हा आजार ओळखताना डॉक्टर अजूनही चाचपडतात. ती मुलगी मात्र विसरली गेली. अरुंद झालेले जठर आणि न थांबणाऱ्या उलट्या, ही तिची अवस्था शंभर वर्षांनी सर्जनांच्या वॉर्डात पुन्हा दिसणार होती.

तिच्या शरीरात काय कमी पडले होते, याचे उत्तर जावा बेटावर कोंबड्यांकडून मिळाले. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आयकमन बेरीबेरीचा शोध घेत होते. बेरीबेरीत पाय बधिर होतात, पोटऱ्या गळतात, कधी हृदयही हात टेकते. आयकमनना दिसले की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. त्यांना आधी वाटले, तांदळात काही विष असावे. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी गाडे रुळावर आणले: तांदळात विष नाही, कोंड्याबरोबर काहीतरी गरजेचे निघून जाते. ते ‘काहीतरी’ म्हणजे बी-१, थायमिन. १९२६ मध्ये ते वेगळे काढले गेले, १९२९ मध्ये आयकमनना नोबेल मिळाले आणि १९३६ मध्ये ते कारखान्यात बनवता येईल अशी कृती हाती आली. (जाता जाता: कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळाला इथे दाद द्यायला हवी. भात आधी उकडला की हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि कांडताना सगळे कोंड्याबरोबर जात नाही.)

शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो, म्हणजे दोन-तीन आठवड्यांची शिधा. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचा बराच इतिहास आपोआप समजतो.

वजन कमी करण्यासाठी आतड्याला वळसा घालण्याची कल्पना १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये क्रेमेन आणि लिनर यांनी मांडली. लहान आतड्याचा मोठा भाग वगळायचा, म्हणजे खाल्लेले अंगी लागणार नाही, असा तो सरळ हिशेब होता. वजन उतरले, पण यकृत निकामी होणे, मुतखडे, सांधेदुखी हेही मागोमाग आले आणि १९८०च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली. दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही. १९६६ मध्ये त्यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला, म्हणजे जठर लहान करून अन्नाला उरलेल्या जठराबाहेरून वळसा दिला. तेव्हा त्याला ‘बॅरियाट्रिक’चे वलय वगैरे नव्हते, पोट उघडून केलेले जोखमीचे ऑपरेशन होते ते. मज्जातंतूंच्या तक्रारींची पहिली नोंद करणाऱ्यांतही मेसन स्वतःच आहेत. बायपासनंतर हातापायांच्या नसा बिघडल्याचा अहवाल त्यांनी सहकाऱ्यासह १९७७ मध्ये छापला. शस्त्रक्रियेचा जनकच तिचे दुखणे मांडतो, हे नेहमी घडत नाही.

१९८७ मध्ये जठर लहान करणाऱ्या शस्त्रक्रियांच्या ५०० पेशंटचा अभ्यास आला. त्यात २३ जणांना मेंदू वा मज्जातंतूंचा त्रास झाला होता, आणि मागे बहुतेक तेच चित्र होते: रेंगाळलेल्या उलट्या, भराभर उतरलेले वजन. त्यामुळे केवळ शोषण कमी झाले म्हणून असे होते हा समज टिकेना. पोटात अन्नच राहत नसेल तर आतडे कितीही शाबूत असून काय उपयोग? शिवणकाम करणाऱ्या त्या मुलीचीच गोष्ट. आज जगात सर्वाधिक होणारी स्लीव्ह शस्त्रक्रियाही याच जातीची. तिच्यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. पेशंटला वाटते, माझे बायपास थोडेच झाले आहे! पण उलट्या महिनाभर चालल्या तर तोही त्याच रांगेत येतो.

सगळ्यात नेमका हिशेब २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने मांडला. त्यांनी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या ४३५ जणांची तुलना पित्ताशय काढलेल्या लठ्ठ माणसांशी केली. पहिल्या गटात ७१ जणांच्या, म्हणजे १६ टक्के लोकांच्या नसांना इजा झाली होती. दुसऱ्यात सुमारे ३ टक्के. लठ्ठपणाच नसा बिघडवतो, ऑपरेशनला दोष का देता, या युक्तिवादाला त्यामुळे उत्तर मिळाले. त्याहून मोलाची होती जोखमीची यादी: वजन फार वेगाने उतरणे, उलट्या-जुलाब लांबणे, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटणे आणि ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञाकडे न जाणे. शेवटचा मुद्दा वाचून वाईट वाटते, कारण तो एवढाच सहज टाळता येणारा आहे.

मात्र या ७१ जणांत निम्म्याहून अधिकांची एकच नस दबलेली होती, बहुधा मनगटातली. पायाच्या बाबतीत तशी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वरून जाते. तिच्यावरची चरबीची गादी काही महिन्यांत विरघळते आणि मग पायावर पाय टाकून बसणे, तासन्‌तास उकिडवे बसणे तिला सोसत नाही. पाऊल वर उचलले जात नाही, चालताना बोटे जमिनीला अडकतात, पावलाची वरची बाजू बधिर होते. १९२९ मध्ये मेयोच्याच हेन्री वोल्टमन यांनी पायावर पाय टाकण्याच्या सवयीवर या संदर्भात लिहिले होते. अशा बधिरतेवर जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालत नाहीत. बसण्याची सवय बदलणे, पावलाला आधार देणारी पट्टी, व्यायाम, क्वचित नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया, हा तिचा मार्ग.

काही वर्षांनंतर येणाऱ्या बधिरतेत पहिला संशय बी-१२ कमी पडल्याचा. ते शोषून घ्यायला मदत करणारा घटक जठरात तयार होतो आणि जठरच कापलेले किंवा वळसा घालून वगळलेले असते. पण यकृतात त्याचा साठा काही वर्षांचा असतो, म्हणून घसरण उशिरा दिसते. आपल्याकडे हा साठा मुळातच भरलेला असेल असे धरून चालता येत नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये छापलेल्या पाहणीत दोन तृतीयांश पुरुषांचे बी-१२ कमी निघाले होते. त्यात शाकाहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन यांची भर पडली की ऑपरेशनच्या टेबलावर माणूस रिकाम्या कोठारानिशीच चढतो. फक्त फॉलिक ॲसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारते, सगळे ठीक वाटते, आणि मज्जारज्जूची हानी आतून चालूच राहते.

बी-१२ चांगले असूनही चाल बिघडत गेलेल्या पेशंटचे कोडे २००० नंतर सुटले. मेयोच्या नीरज कुमार यांनी दाखवून दिले की तांब्याची कमतरता हुबेहूब तसाच आजार घडवते, आणि असे कितीतरी पेशंट पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेले होते. इथे एक गंमत आहे, ती दुर्दैवी आहे. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात, कुणीतरी झिंक घ्यायला सांगते, ते वर्षभर चालू राहते. आणि जादा झिंक तांबे शोषू देत नाही. म्हणून अमेरिकन बॅरियाट्रिक संघटनेच्या २०१६च्या सूचनांत दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबे, असा हिशेब दिलेला आहे. गोळ्यांचा अतिरेक दुसरीकडूनही नडतो: रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात जणांचे पाय बधिर होऊन चाल बिघडल्याचे १९८३ मध्ये नोंदले गेले.

उपचारात सगळ्यात जास्त घाई एका ठिकाणी आहे, आणि तिथे ती जिवाची आहे. उलट्या चालू, पाय बधिर, त्यात डोळे दुहेरी पाहू लागले किंवा बोलण्यात गोंधळ आला, तर रिपोर्टची वाट न बघता शिरेतून थायमिन सुरू करतात. मात्रा दिवसाला कित्येक शे मिलिग्रॅम. त्याआधी नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे घातक, कारण ग्लुकोज जाळायला उरलेसुरले थायमिन खर्ची पडते. अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची आपली सवय पाहता, लावणाऱ्याला ऑपरेशनबद्दल आधी सांगितलेले बरे. अमेरिकन संघटनेच्या त्याच सूचनांनुसार सुस्थितीतल्या पेशंटला रोज निदान १२ मिलिग्रॅम थायमिन लागते, आणि बी-१२ तोंडावाटे रोज निदान ३५० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन. आग आणि मुंग्या कमी करणाऱ्या प्रीगाबालिनसारख्या गोळ्या झोप देतात, नस दुरुस्त करत नाहीत.

कमतरता भरून काढल्यावरही पाय लगेच का सुधारत नाहीत, असे पेशंट वैतागून विचारतात. पावलाकडे जाणारा तंतू कमरेपासून निघतो आणि शरीरात सगळ्यात लांब असतो, जवळजवळ एक मीटर. उपासमार झाली की तो टोकाकडून सुकत येतो, म्हणून बधिरता बोटांपासून सुरू होऊन वर चढते. पुन्हा वाढताना त्याची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असते. गुडघ्याखालची जाणीव परत येत असताना अंगठा अजून महिनोन्‌महिने मुका राहतो, आणि मज्जारज्जूपर्यंत इजा पोहोचली असेल तर काहींचा तो तसाच राहतो.