रान-पुनर्स्थापना, शेजारी-सहभागाची (न्यूझीलंड)

एका वस्तीतील रहिवाशांनी मिळून परके भक्षक प्राणी व तण हटवायचे आणि त्या जागी मूळची देशी झाडी पुन्हा उभी करायची, अशी न्यूझीलंडमध्ये रुजलेली प्रथा. तेथील बोलीत नैसर्गिक जंगलाला ‘बुश’ म्हणतात. घरामागच्या ओढ्याकाठी उरलेला लहानसा तुकडाही बुशच. या नोंदीत त्यासाठी रान हा शब्द वापरला आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॉसमन भागात जोन व आयलीन ब्रॅडली या भगिनींनी १९६०च्या दशकात हाताने तण उपटून रान सावरण्याची पद्धत घालून दिली. तेथे मुख्य अडचण तणांची होती. न्यूझीलंडमध्ये ती सस्तन प्राण्यांची आहे आणि त्यामुळे कामाचे स्वरूपच बदलते: तण एका कुंपणाच्या आत काढता येते, उंदीर मात्र कुंपण जुमानत नाही.

पार्श्वभूमी : न्यूझीलंडचा भूभाग गोंडवनभूमी या प्राचीन महाखंडापासून सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी अलग झाला. मनुष्य येण्यापूर्वी तेथे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघळे. पक्ष्यांचे शत्रूही पक्षीच होते आणि ते डोळ्यांनी सावज शोधत. म्हणून धोका दिसताच निश्चल बसणे हा काकापोसारख्या न उडणाऱ्या पोपटाचा उत्तम बचाव ठरला. वासावर शिकार करणाऱ्या प्राण्यापुढे तो निरुपयोगी ठरतो. किवी, काकापो आणि जमिनीलगत घरटी करणारे इतर पक्षी इतक्या झपाट्याने का कमी झाले, याचे मुख्य कारण येथे आहे.

पहिला परका भक्षक म्हणजे कियोरे अथवा पॅसिफिक उंदीर (रॅटस एक्झुलान्स). तो पॉलिनेशियन दर्यावर्दींच्या होड्यांतून आला, याबद्दल मतभेद नाही. वाद आहे तो काळाचा. रिचर्ड होल्डवे यांनी १९९६ मध्ये उंदरांच्या हाडांच्या किरणोत्सर्गी कार्बन कालमापनावरून हे आगमन सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे ठरवले. तसे असेल, तर कायमच्या वसाहतीच्या कितीतरी आधी कोणी दर्यावर्दी येथे येऊन गेले आणि उंदीर मागे राहिले, असे मानावे लागते. कारण इतक्या जुन्या वस्तीचा पुरातत्त्वीय पुरावा नाही. हाडांच्या नमुन्यांवरील प्रक्रियेबद्दल आक्षेप आले. हाडातील कार्बन प्राण्याच्या आहारावर अवलंबून असतो, हीही शंका होतीच. जॅनेट विल्म्सहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगळा मार्ग घेतला. उंदराचे दात उमटलेल्या कठीण बियांचे त्यांनी कालमापन केले आणि हाडांचेही नव्याने केले. बीज एकाच हंगामात तयार होते, त्यामुळे त्याचा काळ सहसा फसवत नाही. कुरतडलेली एकही बी इ.स. १२८०च्या सुमाराहून जुनी निघाली नाही. हे दुसरे मत आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात आणि पुराव्याच्या जातीवरून तेच अधिक ग्राह्य वाटते. या वादाला प्रत्यक्ष महत्त्व आहे. पहिले मत धरले, तर पक्षी व उंदीर हजारो वर्षे एकत्र नांदले होते असे म्हणता येईल. दुसरे धरले, तर ही सगळी पडझड जेमतेम साडेसातशे वर्षांची ठरते.

नंतरचे प्राणी युरोपीय जहाजांतून आले. तपकिरी उंदीर अठराव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला. भारतीय उपखंडातला मानला जाणारा काळा उंदीर एकोणिसाव्या शतकात पसरला. झाडावर चढण्यात तरबेज असल्याने घरट्यांना तो अधिक घातक. पॉसम हा ऑस्ट्रेलियातील शिशुधान (पिलाला पोटावरच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी केसाळ कातड्याच्या व्यापारासाठी १८३७ मध्ये प्रथम आणला गेला, पण तो टिकला १८५८च्या सुमारास. स्टोट व वीझल हे सडपातळ मांसाहारी प्राणी १८८०च्या दशकात सशांचा बंदोबस्त करण्यासाठी मुद्दाम सोडले गेले, तेही पक्षिप्रेमींच्या विरोधाला न जुमानता. उपद्रवींच्या यादीत मराठी वाचकाला ओळखीची नावे सापडतील. आपली साळुंकी तेथे घरटी बळकावणारा पक्षी ठरली आहे. सोनटक्क्याच्याच प्रजातीतील पिवळ्या फुलांचे हिमालयी झुडूप गड्ड्यांची अशी दाट जाळी करते, की खाली देशी रोप उगवतच नाही. ते उपटून तेथेच टाकून चालत नाही, गड्डा पुन्हा फुटतो.

पद्धती : लाकडी पेटीत बसवलेला सापळा हे मुख्य साधन. पेटीमुळे पक्षी व पाळीव प्राणी दूर राहतात. आमिष म्हणून उंदरासाठी पीनट बटर चालते, स्टोटसाठी अंडे किंवा सशाचे मांस. मारक सापळ्याच्या चाचणीत जनावर तीन मिनिटांच्या आत बेशुद्ध होणे, ही राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतील कसोटी आहे. १९९९च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार जिवंत पकडणारा सापळा रोज, सूर्योदयानंतर १२ तासांच्या आत तपासावाच लागतो. किती प्राणी मारले यावर यश मोजले जात नाही, किती उरले यावर मोजले जाते. त्यासाठी शाईचा पट्टा घातलेल्या बोगद्यांत पावलांचे ठसे घेतात आणि आमिष भरलेल्या पुठ्ठ्यांवरील दातांच्या खुणा वाचतात. शहरी वस्तीत दर पाच परसांपैकी एकात सापळा असावा, असे सूत्र रूढ आहे. म्हणूनच नकार देणारी सलग दोन-चार घरे साऱ्या गल्लीचे काम अडवू शकतात. शेजाऱ्याकडे जाऊन बोलणे हा या कामातला सौजन्याचा भाग मानला जातो, पण तो तंत्राचा भाग आहे.

वेलिंग्टनचे मिरामार द्वीपकल्प हे यातले सर्वांत बोलके उदाहरण. सुमारे २०,००० वस्तीचा हा भाग विमानतळाच्या चिंचोळ्या पट्टीने शहराला जोडलेला आहे. पॉसम तेथून २००६ मध्येच हटवले गेले होते. पुढे घराघरांतील सापळे व विषपेट्यांच्या बळावर उंदीर, स्टोट व वीझल यांचेही उच्चाटन झाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. १९९९ मध्ये भक्षकरोधक कुंपण पूर्ण झालेल्या झीलँडिया अभयारण्यातून काका पोपट वेलिंग्टनच्या बागांत उतरू लागले, त्यानेही रहिवाशांना हुरूप आला. २०५० पर्यंत साऱ्या देशातून उंदीर, पॉसम व स्टोट-कुळातील प्राणी हटवण्याचे सरकारी उद्दिष्ट २०१६ मध्ये घोषित झाले. १०८० या विषाचे आमिष हवेतून टाकणे हा वेगळा व तीव्र वादाचा विषय असून तो येथे घेतलेला नाही.

लागवड : टिरिटिरी मातांगी बेटावर १९८४ ते १९९४ दरम्यान स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून अधिक झाडे लावली. प्रथम मानुका-कानुका ही देशी झुडपे, त्यांच्या सावलीत पुढे मोठे वृक्ष, असा सर्वसाधारण क्रम असतो. बी शक्यतो त्याच परिसरातले घेतात. गॉर्स या काटेरी युरोपीय झुडपाबाबत मात्र दोन मते आहेत. ते तोडावे, असे शेतकरी म्हणतात. बँक्स द्वीपकल्पावरील हिनेवाई राखीव रानात १९८७ पासून ते मुद्दाम राखले गेले. त्याच्या आडोशाला देशी रोपे वाढली आणि वर येऊन त्यांनी गॉर्सला सावलीत टाकले. उन्हाशिवाय ते जगत नाही. पावसाच्या व बियांचा पुरवठा करणाऱ्या रानाजवळच्या प्रदेशात तरी हा मार्ग सरस दिसतो.

माओरी दृष्टिकोन : भूमीच्या पालकत्वाला माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, ‘काइतिआकितांगा’ म्हणतात. कियोरेला काही जमाती पूर्वजांबरोबर आलेला ठेवा मानतात, उपद्रवी नव्हे. नाटिवाई जमातीच्या प्रदेशातील मौइताहा व आराआरा ही दोन छोटी बेटे कियोरेसाठी राखून ठेवलेली आहेत.