प्रायोजकत्व की सीएसआर? तालमीच्या पोरांसाठी नेमकं काय मागायचं

मर्दानी खेळाचे आखाडे, मल्लखांबाचे वर्ग, लेझीम पथकं, कुणाचाही अर्ज वाचा, एक वाक्य हमखास सापडतं: ‘आपल्या सीएसआर निधीतून आमच्या कार्यक्रमास प्रायोजकत्व द्यावे.’ सीएसआर, म्हणजे कंपनीने कायद्यानुसार समाजकार्यावर करायचा खर्च, आणि प्रायोजकत्व हे दोन वेगळे व्यवहार आहेत. एकाच वाक्यात मागितले की तो अर्ज ना जाहिरात विभागाच्या कामाचा राहतो, ना सीएसआर विभागाच्या. जीव ओतून शिकवणाऱ्या वस्तादांचे अर्ज एवढ्याशा कारणाने परत येतात, याचं फार वाईट वाटतं.

प्रायोजक सगळ्यांना माहीत आहे. दहीहंडीचा फ्लेक्स, टी-शर्टवरचं नाव, व्यासपीठामागचा पडदा. त्यावर वेळ घालवत नाही.

सीएसआर येतो कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५मधून. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला असेल तर त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. कशावर, ते त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलंय. पारंपरिक कलांचं संवर्धन त्यात आहे, ग्रामीण खेळांचं प्रशिक्षणही आहे. म्हणजे आपल्या कामाला दार उघडं आहे.

आता खरी अडचण. लोक विचारतात, ‘कंपनीचं नाव लावलं तर ते प्रायोजकत्व आणि नाही लावलं तर सीएसआर, असंच ना?’ नाही. कंपनीला त्या पैशांच्या बदल्यात काय मिळतं, यावर सगळं ठरतं. सीएसआरचे नियम २०२१ साली बदलले, तेव्हा ते स्पष्ट लिहिलं गेलं: आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून प्रायोजक या नात्याने दिलेला आधार सीएसआरमध्ये धरला जात नाही.

समजा, कोल्हापुरातल्या एका तालमीला दोन लाख रुपये हवेत. पहिल्या अर्जात लिहिलंय: शिवजयंतीला लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला) यांची प्रात्यक्षिकं होतील, दहा फ्लेक्स लागतील, मैदानात कंपनीचा स्टॉल असेल, निवेदक दर अर्ध्या तासाने कंपनीच्या नव्या मालाचा उल्लेख करेल. दुसऱ्या अर्जात लिहिलंय: पेठेतल्या चाळीस मुलामुलींना वर्षभर रोज संध्याकाळी हाच खेळ शिकवला जाईल, हजेरी ठेवली जाईल, वस्तादांना महिन्याला मानधन मिळेल, ढाली-काठ्या आणि प्रथमोपचाराचा खर्च अमुक आहे. खेळ तोच, वस्ताद तेच, रक्कमही तीच. तरीही पहिल्यात कंपनी प्रसिद्धी विकत घेते आणि दुसऱ्यात मुलं शिकतात. दुसऱ्या अर्जातल्या तालमीने दारावर ‘अमुक कंपनीच्या सहकार्याने’ अशी साधी पाटी लावली तरी काही बिघडत नाही. जीएसटीच्या ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकातही हाच निकष आहे: नाव कृतज्ञता म्हणून लावलं असेल आणि त्यातून देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्या देणगीवर कर नाही. प्रायोजकत्वावर मात्र १८ टक्के जीएसटी आहे. पैसे घेणारा ट्रस्ट असेल तर तो कर कंपनीच भरते, आणि देण्याची रक्कम ठरवताना तोही हिशेबात धरते.

कंपनीच्या वहीतही फरक पडतो. प्रायोजकत्व हा जाहिरातीचा खर्च, तो धंद्याच्या खर्चात वजा होतो. सीएसआर तसा वजा होत नाही. त्यामुळे ‘कुठल्याही खात्यातून द्या, पैसे तर तेच’ हे आपलं म्हणणं त्यांच्या हिशेबनिसाला पटूच शकत नाही.

एका दिवसाच्या सोहळ्यासाठी सीएसआर मागू नका. मॅरेथॉन, पुरस्कार असले सुटे कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाहीत, हे कंपनी मंत्रालयाने जून २०१४मध्येच कळवलंय. प्रात्यक्षिकं वर्षभराच्या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून दाखवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. गणेशोत्सवापुरती धर्मादाय आयुक्तांकडून घेतलेली वर्गणीची परवानगी म्हणजे संस्थेची नोंदणी नव्हे. बाहेरच्या संस्थेला सीएसआरचं काम घ्यायचं तर नोंदणी, आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रं, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो. हे नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशा संस्थेबरोबर काम करा.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. अंदाजपत्रकात फेटे, झेंडे, ध्वनिव्यवस्था यांचे आकडे पहिल्या पानावर असतात आणि वस्तादांच्या मानधनाची ओळच नसते. विचारलं तर म्हणतात, ‘व्यवस्थापनावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च चालत नाही ना!’ ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. वस्तादांचं मानधन हा प्रशिक्षणाचा थेट खर्च आहे, तो त्यात मोजलाच जात नाही. आयुष्यभर पट्टा फिरवलेल्या माणसाला फुकट शिकवायला लावायचं आणि पैसे मांडवाला द्यायचे, हे मला मान्य नाही. मानधन पहिल्या ओळीत लिहा.

मुलांच्या शिकण्यासाठी मी नेहमी सीएसआरच मागायला सांगेन, उत्सवाला प्रायोजक पुरेत. दोन्ही हवे असतील तर दोन अर्ज, दोन विभाग, दोन हिशेब. आणि सीएसआरचा अर्ज एका वर्षापुरता करू नका. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मिळाली तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम नेता येतं. काठीपासून सुरुवात केलेल्या मुलीच्या हाती पट्टा द्यायला वस्तादांना तेवढा अवधी लागतोच.