मान्यता गेली म्हणजे नोंदणी गेली नव्हे

१० एप्रिल २०२३ रोजी निवडणूक आयोगाने भारतीय कम्युनिस्ट पक्षाची (भाकप) राष्ट्रीय पक्ष म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. तेव्हापासून गोव्यात डाव्यांचा विषय निघाला की कोणीतरी ठोकून देतोच: ‘पक्ष रद्द झाला, आता मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात (माकप) विलीन होण्यावाचून गत्यंतर नाही.’ विलीन व्हायचे तर खुशाल व्हा, पण ‘रद्द झाला’ या कारणासाठी नको.

नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम २९अ खाली होते. तिला मते लागत नाहीत आणि मते घटली म्हणून ती जातही नाही. ऑगस्ट २०२५मध्ये आयोगाने ३३४ पक्ष यादीतून वगळले, ते सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवल्याबद्दल. भाकपचे २०२४मध्ये दोन खासदार निवडून आले. त्याची नोंदणी शाबूत आहे.

मान्यता मात्र मतांवर मिळते, आणि राज्यागणिक. गफलत होते ती इथेच. भाकप केरळात आजही राज्य पक्ष आहे, गोव्यात नाही. म्हणजे पक्ष एकच, पण फोंड्यात अर्ज भरताना त्याचा उमेदवार बिगर-मान्यताप्राप्त पक्षाचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, याला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. कारखान्यातला सहकारी वाळपईचा मतदार असेल तर फोंड्याच्या अर्जावर त्याची सही कुचकामी. नऊच ग्राह्य ठरल्या की अर्ज बाद. चार अर्ज भरता येतात, तेव्हा निदान दोन तरी वेगवेगळ्या दहा-दहा सूचकांचे भरावेत.

निशाणीही आपोआप मिळत नाही. दुसऱ्या राज्यातल्या मान्यतेच्या जोरावर भाकपची कणीस-विळा ही निशाणी मागता येते, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून तीन दिवसांच्या आत आयोगाकडे अर्ज पोचला पाहिजे. (हातोडा-विळा-तारा ही माकपची निशाणी. भाकपच्या बातमीला ती छापणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.)

आता मान्यता मिळवायची कशी? चाळीस जागांच्या गोव्यात विधानसभेच्या वाटेने तीन पर्याय आहेत: दोन आमदार आणि वैध मतांपैकी ६ टक्के, किंवा तीन आमदार, किंवा आमदार असो-नसो, ८ टक्के मते. २०२२मध्ये ‘आप’ने बाणावली व वेळ्ळी जिंकून, साडेसहा टक्क्यांवर मते घेऊन पहिली अट गाठली. आरजीचा (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचा) एकच आमदार, तोही सांत आंद्रेत ७६ मतांनी. पण राज्यभरची मते नऊ टक्क्यांच्या वर, म्हणून तिसरी.

टक्केवारी लढवलेल्या जागांवर नव्हे, अख्ख्या राज्याच्या मतांवर काढतात. हे डोक्यात न घेताच ‘चार जागा लढवून ६ टक्के काढू’ असे बोलले जाते. राज्यात नऊ लाख मते धरली तर ६ टक्के म्हणजे ५४ हजार. एका मतदारसंघात सरासरी साडेबावीस हजार मते पडतात. चार जागांत ५४ हजार काढायला प्रत्येक ठिकाणी दहातली सहा मते हवीत! एवढी मते असती तर टक्के मोजायची गरजच नव्हती. आघाडीत जागा सोडली तर तिथली मते मित्रपक्षाच्या खात्यात, आपल्या नावावर शून्य.

म्हणून भाकपपुढे गोव्यात वाट एकच दिसते: तीन आमदारांची अट धरून मोजके मतदारसंघ निवडणे आणि पाच वर्षे तिथेच ठाण मांडणे. चाळीस जागा लढवून दहा-दहा हजारांच्या अनामती घालवणे हा निव्वळ हट्ट. माकपला राष्ट्रीय मान्यता असल्याने तिच्यात विलीन झाल्यास प्रत्येक अर्जामागे नऊ सह्या वाचतील आणि निशाणीचा अर्ज टळेल. मते वाढणार नाहीत.

‘आयटककडे (भाकपशी जोडलेल्या कामगार संघटनेकडे) इतके कामगार, मग मते कुठे जातात?’ हा प्रश्नही याच जातीचा. युनियनचा सभासद कारखान्यावर मोजला जातो, मतदार घरच्या पत्त्यावर. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच शिफ्टला येणारे कामगार मतदानाला सांगे, फोंडा, पेडणे असे पांगतात; परप्रांतीयांपैकी अनेकांचे नाव तर गावच्याच यादीत असते. सभासद नोंदवहीत मतदारसंघ आणि यादीचा भाग क्रमांक असे दोन रकाने वाढवले, तर कुठल्या तीन जागा लढवायच्या ते त्यातूनच कळेल.