जावा-बालीतल्या ज्वालामुखींची नावं
(आमच्या सहलीला येणाऱ्या प्रवाशांसाठी)

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ब्रोमो, स्मेरू, अर्जुनो ही नावं दिसतील. ती परकी वाटली तरी आपल्या चांगल्या ओळखीची आहेत.

ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. जावानीज बोलीत अशा शब्दांच्या शेवटचा 'आ' 'ओ'कडे झुकतो. त्यामुळे ब्रह्माचा ब्रोमो झाला आणि अर्जुनाचा अर्जुनो. एवढं ध्यानात ठेवलंत तर तिथल्या पाट्या वाचताना मजा येईल. अर्जुनोला लागूनच वेलिरांग आहे. वेलिरांग म्हणजे गंधक, आणि तिथे खरोखरच गंधक निघतं.

स्मेरू (३,६७६ मीटर) हा जावातला सर्वांत उंच डोंगर. हा आपला सुमेरू. तंतू पांगेलारन या जुन्या जावानीज ग्रंथात त्याची कथा आहे. जावा बेट डळमळत होतं, म्हणून देवांनी जंबुद्वीपातून, म्हणजे आपल्याकडून, महामेरू उचलून नेला. तो आधी पश्चिमेला ठेवला, तर बेट तिकडे कललं. मग तो पूर्वेकडे नेताना वाटेत त्याचे तुकडे पडत गेले आणि त्यांचे डोंगर झाले. स्मेरूच्या धगधगत्या विवराला जोंग्रिंग सालोको म्हणतात. वायांग या छायानाट्यात हेच बतारा गुरूच्या, म्हणजे शिवाच्या, स्वर्गातल्या निवासाचं नाव आहे. आमच्या मते साऱ्या सहलीत याहून सुंदर नाव नाही.

ब्रोमोच्या परिसरात तेंगर लोक राहतात. ते हिंदू आहेत. त्यांच्या 'यद्न्य कसादा' सणातलं 'यद्न्य' म्हणजे आपला यज्ञ. त्या रात्री भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या, पैसे असं सगळं विवरात अर्पण करतात. आतल्या उतारावर काही जण जाळी धरून उभे असतात आणि पडणाऱ्या वस्तू झेलतात. त्याला तिथे कुणी वावगं मानत नाही. आपणही हसू नये, आणि फोटो विचारूनच काढावा. विवराच्या वाटेवरच्या पुरा लुहुर पोतेन देवळातही हेच पाळावं, ही कळकळीची विनंती.

बालीतला आगुंग म्हणजे 'थोर'. १९६३च्या उद्रेकात लाव्हा बेसाकीहच्या मोठ्या देवळाला चाटून गेला, पण देऊळ वाचलं.

एक नाव मात्र नीट पाहून घ्या. योग्यकर्ताजवळचा मेरापी आपल्या कार्यक्रमात आहे. मेरू आणि आपी, म्हणजे आगीचा डोंगर, अशी त्याची फोड सांगतात. ('आपी' आपल्या 'अग्नी'वरून आलेला नाही, तो तिथल्या भाषांचा स्वतःचा शब्द आहे.) सुमात्रा बेटावर मारापी नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे. डिसेंबर २०२३मध्ये उद्रेक झाला तो त्याचा. दोघांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. बातमी आली की आधी बेटाचं नाव बघा आणि तिकीट रद्द करण्यापूर्वी आम्हाला फोन करा. मेरापी खुद्द जागा झाला असेल, तर त्या दिवसाचा मार्ग आम्हीच बदलू.